तारीख नसलेली बंदी : मणके जोडल्यानंतर अक्कांचं एक वर्ष

ऑपरेशन चांगलं झालं होतं, हे आधीच सांगून टाकते. स्क्रू जागेवर होते, जखम भरली होती, पायातली कळ गेली होती. तरीही शस्त्रक्रियेनंतर सातव्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा अक्का ऑपरेशनच्या आधीपेक्षा जास्त परावलंबी झालेल्या होत्या. आधी त्या कण्हत-कुथत का होईना, आपली आंघोळ आपण करायच्या, रोज शंभरेक भाकऱ्या थापायच्या आणि नळाला पाणी आलं की गल्लीत पहिली घागर त्यांची लागायची. आता प्यायला पाणी हवं असलं तरी हाक मारावी लागत होती.

मी सोलापुरात घरी जाऊन फिजिओथेरपी करते. पाठीच्या ऑपरेशननंतरचे बरेच पेशंट बघितले, पण हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात पाठीचा भाग थोडा आणि घराचा भाग फार होता. अक्कांची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधीची गोष्ट

अक्का ६१ वर्षांच्या. उंची चार फूट दहा इंच, अंगाने काटक. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. भवानी पेठेत दोन खोल्या आणि मागे मोरी-संडास एवढं घर. मुलगा एमआयडीसीत नोकरीला, सून घरात, एक नातू. अक्का ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकतात. सोबत शेंगाचटणी, ती मात्र दुसरीकडून कुटून आणतात. जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात परात, उजवीकडे शेगडी, अशी तीसेक वर्षांची बैठक.

दुखणं असं होतं : पाचशे पावलं चाललं की दोन्ही पाय जड व्हायचे, पोटऱ्यांत पेटके यायचे, आणि कुठे तरी टेकलं किंवा पुढे वाकून उभं राहिलं की उतरायचं. भाकऱ्या करताना मात्र काही नाही. त्यामुळे घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘बसून काम करताना दुखत नाही, चालायचं म्हटलं की दुखतं, म्हणजे वयाचं आहे.’ खरं कारण उलट होतं. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकला होता आणि नसांची वाट अरुंद झाली होती. ताठ उभं राहिलं की ही वाट आणखी आवळते, पुढे वाकलं की थोडी मोकळी होते. पन्नाशीनंतर, त्यातही बायकांमध्ये, मणका सरकण्याची ही ठरलेली जागा. भाकरीची बैठक अक्कांना बरी वाटायची ती यामुळेच.

गोळ्या, व्यायाम, पट्टा, मणक्यातलं इंजेक्शन असं सगळं करून झाल्यावर फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. दबलेल्या नसा मोकळ्या केल्या, खराब गादी काढून तिथे हाडाचा चुरा भरलेला पिंजरा बसवला आणि दोन्ही मणके चार स्क्रू आणि दोन सळ्यांनी बांधले. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवलं, पाचव्या दिवशी घरी सोडलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरच आहे. ऑपरेशनमध्ये मणके जुळत नाहीत, फक्त जुळण्याची सोय केली जाते. कलम बांधताना आपण सुतळी आवळतो; सुतळीने कलम जगत नाही, ते जुळेपर्यंत हलू नये एवढंच तिचं काम. स्क्रू-सळ्यांचं तसंच. हाड खरोखर एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात, पुरतं पक्कं व्हायला वर्षही लागतं. तोवर फार वाकणं, पिळणं, ओझं उचलणं झालं तर ताण धातूवर येतो, आणि हाड जुळलंच नाही तर शेवटी धातूही थकतो, स्क्रू सैल होतात. म्हणून सुरुवातीच्या बंद्या बरोबरच असतात.

कार्डावरच्या चार ओळी

अक्कांच्या डिस्चार्ज कार्डावर खाली चार ओळी होत्या : वाकू नये. वजन उचलू नये. कंबर पिळू नये. खाली बसू नये. पुढे सही. कधीपर्यंत, ते कुठेच नव्हतं.

ज्याने लिहिलं त्याला ते ठाऊक होतं. ओपीडीत रांग लागलेली असताना हे उलगडून सांगायला वेळ कुणाकडे असतो? पण घरी आल्यावर त्या चार ओळींचं वाचन घरच्यांनी केलं. वाकू नये, म्हणजे चपलाही दुसऱ्याने घालायच्या. वजन उचलू नये, म्हणजे तांब्यासुद्धा नाही. खाली बसू नये, म्हणजे भारतीय संडास बंद. मग पलंगाशेजारी पडदा लावून कमोडची खुर्ची आली, ती सून रिकामी करायची. मुलाने देवघरातली घंटा आईच्या उशाशी आणून ठेवली होती, काही लागलं तर वाजवायला. कौतुकाने दाखवली मला. अक्कांनी ती एकदाही वाजवली नव्हती.

त्यात शेजारपाजारचे सल्ले. ‘मणक्याचं ऑपरेशन म्हणजे सहा महिने पाठ टेकून पडायचं.’ हे अगदीच हवेतून आलेलं नाही. मणके जोडण्याची शस्त्रक्रिया जुनी आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि आल्बी या दोघा सर्जननी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ती प्रसिद्ध केली, आणि तेव्हाचे पेशंट बहुतेक मणक्याच्या क्षयाचे. स्क्रू नव्हते, त्यामुळे हाड जुळेपर्यंत माणसाला निजवून ठेवण्याशिवाय इलाज नव्हता. शंभर वर्षांत ऑपरेशन पार बदललं. निजून राहण्याचा सल्ला मात्र गल्लीत तसाच टिकून आहे.

तपासणीत मला विशेष दोष सापडला नाही. उजव्या अंगठ्याची ताकद जरा कमी, मांड्या पडून राहून सुकलेल्या, खुर्चीतून हात न टेकता उठता येत होतं पण हळू. वॉकरशिवाय चालता येत होतं, फक्त तसं कुणी चालू दिलं नव्हतं. मग सवयीप्रमाणे ओस्वेस्ट्रीची प्रश्नावली काढली. इंग्लंडमधल्या ओस्वेस्ट्री इथल्या हाडांच्या रुग्णालयात झालेली, १९८० साली छापलेली, दहा भागांची. कंबरदुखीने माणसाचं किती अडतं ते शंभरात मोजते आणि जगभर चालते. अक्कांचा आकडा साठीच्या वर आला, म्हणजे बराच वाईट. पण प्रश्न वाचताना दर वेळी मला खटकतं ते तेव्हाही खटकलं. बसण्याचा प्रश्न खुर्चीचा आहे. मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, हे त्यात नाही. ज्या गावात ती तयार झाली तिथे ते विचारायचं कारणही नव्हतं.

शेवटी मी विचारलं, तुम्हाला यातून काय हवंय? मुलगा आधी बोलला : ‘सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चालत गेली पाहिजे.’ सून म्हणाली, ‘दुखू नये बस, काम नाही केलं तरी चालतंय.’ मी माझ्या परीने उत्साहात येऊन जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्याच यात्रेचं उद्दिष्ट ठेवू म्हटलं. मिरवणुकीतले नंदीध्वज बघायला जायचं, केवढी छान प्रेरणा.

अक्का म्हणाल्या, ‘गड्डा टीव्हीवर दिसतोय ओ मॅडम. मला संडासला एकटीला जायचंय.’

पाणी कमी पिणं

बोलता बोलता कळलं की अक्का दिवसाला जेमतेम तीन-चार फुलपात्री पाणी पीत होत्या. एप्रिलचं सोलापूर, पारा चाळीशीला टेकलेला. पाणी प्यायलं की लघवीला लागणार, लागली की सुनेला उठवावं लागणार, आणि सुनेने ते भांडं धुवायचं. म्हणून पाणीच नको. जेवणही अर्धं केलेलं. त्यात दुखण्याची ट्रॅमाडॉलची गोळी, जिने पोट आधीच बांधलं जातं. चार-चार दिवस शौचाला होत नव्हतं आणि कुंथलं की पाठीत चमक. घरच्यांना वाटायचं पाठ अजून बरी नाही, मग आणखी आराम.

त्याच दिवशी सर्जनना फोन केला. ‘कार्डावर नाही, पण घरच्यांना प्रत्येक गोष्टीची तारीख हवीय,’ म्हटलं. त्यांनी दोन मिनिटांत दिल्या, आनंदाने दिल्या. खुर्ची ठेवून संडास आणि आंघोळ : आत्तापासून. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणं : आत्तापासून. वजन : तीन महिने पूर्ण होईपर्यंत दोन किलोच्या आत, मग एक्सरे बघून वाढवायचं. पट्टा : आणखी तीन आठवडे, तोही फक्त चालताना. जमिनीवर बसणं : सहा महिन्यांचा एक्सरे झाल्यावर, थोडा वेळ. घागर : कधीच नाही. दुसऱ्या सर्जननी कदाचित वेगळ्या तारखा दिल्या असत्या. काही जण जमिनीवर बसायला जन्मभर मनाई करतात, काही जण पट्टा देतच नाहीत. तारीख कुठली, यापेक्षा ती आहे, हे त्या घराला महत्त्वाचं होतं. मुलाने सगळ्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने मांडल्या. दोन किलो म्हणजे किती, ते मापही घरातलंच ठरवलं : लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. तांब्या उचलायला हरकत नाही, कळशी नको, नातू तर नकोच.

संडासपर्यंतचा रस्ता

याबद्दल लिहायला लोक लाजतात, आणि डिस्चार्जच्या वेळी कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर.

पलंगापासून संडास पंधरा-सोळा पावलांवर. वाटेत मोरीचा उंबरा, सहा इंची. मोरी सतत ओली. संडासचं दार आत उघडणारं, आणि आतली कडी लावली तर बाहेरून उघडायची सोय नाही. अक्का आत पडल्या असत्या तर दाराच्या मागेच पडल्या असत्या आणि दार ढकलताही आलं नसतं. सुनेची भीती अगदी खरी होती, तिला फक्त ती नेमकी सांगता येत नव्हती.

सुताराने दार बाहेर उघडणारं करून दिलं, कडी काढली आणि बाहेर पाटी लटकवायची ठरली. पाटी नातवाने रंगवली. पलंगाशेजारची तीच कमोडची खुर्ची, भांडं काढून, भारतीय संडासवर ठेवली. पायांना रबरी बूच नवे, आणि उंची अशी की बसल्यावर गुडघे खुब्यांपेक्षा किंचित खाली राहावेत. भिंतीला स्टीलचा दांडा, उजव्या हाताला. मोरीत घसरू नये म्हणून जाळीची चटई. पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा झिरो बल्ब.

खरा प्रश्न धुण्याचा होता. तांब्याने मागून धुताना कंबर वळते, आणि नेमकं तेच करायचं नव्हतं. अक्का याविषयी माझ्याशी बोलेनात. सुनेने मला स्वयंपाकघरात नेऊन कुजबुजत विचारलं. उपाय साधा आहे, नळाला जेटचा पाइप. तो पुढून धरला की वळावं लागत नाही. प्लंबरने अर्ध्या तासात बसवला. अक्कांच्या स्वावलंबनात माझ्या कुठल्याही व्यायामापेक्षा त्या पाइपचा वाटा मोठा आहे, हे मी बिनदिक्कत सांगते.

मग उठण्याचा सराव. आधी पूर्ण कुशीवर वळायचं, खांदे आणि खुबे एकाच वेळी. गुडघे दुमडायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने अंग वर ढकलायचं. हॉस्पिटलात हे शिकवलं होतं, पण घरी दोन माणसं दोन्ही हात धरून सरळ उठवत होती, आणि त्यानेच चमक यायची. मदत बंद केल्यावर चमक थांबली. मुलाला हे पटायला वेळ लागला. आईला उठायला धडपडताना बघत हात बांधून उभं राहणं सोपं नसतं.

दिवसा सून दाराशी, मग मोरीच्या बाहेर, मग पुढच्या खोलीत. रात्री एकटीने जायला आणखी आठवडा गेला. एका पहाटे सून दचकून जागी झाली तर पलंग रिकामा, आणि अक्का मोरीतून चालत येत होत्या. ‘उठवलं का नाही?’ म्हणून सून चिडली. अक्का म्हणाल्या, ‘झोपलीवतीस की.’ त्या दिवसापासून पाण्याचा प्रश्न उरला नाही, आणि पोटाचाही हळूहळू सुटला.

आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल आणि लांब दांड्याचा ब्रश. साडीचं सुनेने सुचवलं : पलंगाच्या कडेवर बसून निऱ्यांचा खालचा काठ सारखा करायचा, मग उभं राहून खोचायच्या. तोवर गाउनवर होत्या, आणि गाउन घालून उंबऱ्याबाहेर पडणार नाही हा हट्ट होता. घरचे समजत होते की त्या चालायला घाबरतात. इरकल नेसता आल्यावर त्या दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. उन्हामुळे पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी सातनंतर, असे दोन फेरे ठरले. पट्ट्याखाली घामोळं उठलं, म्हणून आत सुती पातळ बंडी.

एक गोष्ट चालता चालता कळली. अक्का रोज दोनदा मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावत. ऑपरेशनआधी ‘तंबाखू, बिडी?’ विचारलं तेव्हा ‘नाही’ म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या हिशेबी ते खोटं नव्हतं. मिश्री म्हणजे दात घासणं. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत मणके न जुळण्याचं प्रमाण जास्त असतं, हे सर्जन सांगतातच. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, हाडाला रक्त कमी मिळतं, आणि मिश्रीत तेच निकोटीन आहे. मी सांगितल्यावर अक्कांनी डबी सुनेकडे दिली. पुरती सुटली असं म्हणणार नाही. पण सोलापुरात पेशंटला विचारताना मिश्रीचं नाव घेऊन विचारावं, एवढं मी तेव्हापासून पाळते.

भाकरी

संडास, आंघोळ, साडी, चालणं हे सगळं तीन महिन्यांच्या आत आलं. माझ्या वहीत इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. बहुतेक अहवाल इथेच संपतात.

पण भाकरीचं काय? अक्का पडून होत्या तेव्हा सुनेने धंदा चालू ठेवला होता. चालू ठेवला म्हणजे वाढवला. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी, पाकिटांवर लेबल, पुण्याला पार्सलं. ‘तुम्ही आता आराम करा अक्का,’ असं ती म्हणायची, आणि त्यात माया होती. त्यात थोडं ‘आता हे माझं’सुद्धा होतं. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही वेगळं काढता येत नव्हतं. अक्कांना ते कळत होतं. माझ्याजवळ त्या एवढंच म्हणाल्या, ‘गल्ला तिच्या कपाटात गेलाय.’

दहाव्या आठवड्यात सून माहेरी गेली असताना अक्कांनी गुपचूप परात काढली. जमिनीवर बसल्या नाहीत, तेवढं पाळलं. ओट्यापाशी उभं राहून एका दमात चाळीस भाकऱ्या केल्या. संध्याकाळी पाठ धरली, इतकी की वळता येईना. मुलगा घाबरला, सून परत आली, रडारड झाली, घंटा पुन्हा उशाशी. मला बोलावणं आलं.

अशा वेळी आधी काय बघायचं ते ठरलेलं असतं : लघवी-संडासचा ताबा गेलाय का, बैठकीच्या जागी बधिरपणा आलाय का, पायाची ताकद कमी झालीय का, ताप किंवा जखमेतून पाणी येतंय का, एखादी पोटरी सुजलीय का. यातलं काहीही असतं तर सरळ हॉस्पिटल. काहीच नव्हतं. सर्जननी एक्सरे काढला, स्क्रू जिथल्या तिथे. स्नायू आखडले होते, बस.

पण एका गोष्टीने माझं लक्ष वेधलं. चाळीस भाकऱ्यांनी पाठ धरावी हे जरा जास्त होतं. मी त्यांना ओट्यापाशी उभं केलं आणि पीठ मळायला लावलं. ज्वारीचं पीठ मळताना तळहाताच्या मुळाने खाली आणि पुढे रेटावं लागतं. त्याला चिकटपणा नसतो, रेटल्याशिवाय एकजीव होत नाही. जमिनीवर बसून अक्का सगळं अंग त्यावर टाकायच्या. ओट्यावर परात त्यांच्या बरगड्यांपर्यंत येत होती. खांदे कानाला लागलेले, टाचा उचललेल्या, आणि जोर सगळा कमरेतून. ओटे सरासरी उंचीच्या बाईसाठी असतात, परातीची उंची त्यावर आणखी.

जोर लावायच्या कामाचा नियम असा की हात जिथे टेकतात ती जागा कोपराच्या बरीच खाली हवी. अक्कांना मी त्यांच्याच हाताने मोजायला लावलं : कोपर काटकोनात, तिथून खाली एक वीत. परातीची खोली धरून अठ्ठावीस इंच आलं. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून तेवढ्या उंचीचं लोखंडी टेबल करून घेतलं, वर स्टीलचा पत्रा. शेगडी त्याच उंचीला, उजव्या हाताला, म्हणजे भाकरी तव्यावर टाकताना कंबर न वळवता पावलं टाकून वळायचं. खाली एक पाट, त्यावर आलटून पालटून एक पाय ठेवायचा. एक पाय उंच असला की कमरेची कमान सैल पडते, उभं राहणं लांबवता येतं.

मग गणित. पाच भाकऱ्या, दहा मिनिटं फेरी, पुन्हा पाच. अंग हलकं वाटलं तरी सहावी नाही. अक्कांना हे सगळ्यात जड गेलं. बऱ्या दिवशी चाळीस आणि मग चार दिवस शून्य, यापेक्षा रोज दहा बऱ्या, हे त्यांना हिशेबातून पटवावं लागलं. ‘दहा गुणिले पाच, पन्नास,’ मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘आणि पाठ शाबूत. कळतंय मला.’ आठवड्याला थोड्या वाढवत पावसाळ्यात त्या रोज पन्नासवर आल्या.

सासू-सुनेच्या प्रश्नात मी पडायला नको होतं असं काही जण म्हणतील. मी पडले. कामं नावानिशी परत द्यायची ठरवली, कारण ‘जमेल तसं करा’ म्हटलं की कुणीच काही सोडत नाही. भाकरी थापणं आणि जुनी गिऱ्हाइकं अक्कांकडे. भाजून कडक करणं, पार्सल आणि फोन सुनेकडे. नळाचं पाणी मुलाकडे. पिंपाला तोटी बसवली, म्हणजे अक्कांना हवं तेव्हा तांब्याभर घेता येईल. घागर सोडताना अक्कांचे डोळे भरून येतील असं मला वाटलं होतं. ‘बरं झालं, सुटले,’ म्हणाल्या. हिशेब मात्र अर्धा-अर्धा होईना. गल्ला कुणाकडे, यावर मी असेपर्यंत तरी तोडगा निघाला नाही.

जमीन

सहा महिन्यांच्या एक्सरेत हाडाचा पूल धरायला सुरुवात झालेली दिसली. जमिनीवर बसायची तारीख आली, आणि आता अक्काच घाबरल्या.

जोडलेल्या दोन मणक्यांमधली हालचाल कायमची जाते. मांडी घालताना कंबर जेवढी गोल व्हायची त्यातला वाटा आता खुब्यांनी आणि वरच्या मणक्यांनी उचलायचा असतो. वरच्या मणक्यावर फार ताण टाकला तर वर्षांनी तिथे झीज होऊ शकते, म्हणून खुबे मोकळे करणं हे आधीचे दोन महिने चाललं होतं. बसायचं कसं, यापेक्षा उठायचं कसं हे मी आधी शिकवलं : स्टूल धरून एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढे रोवायचा, मांडीच्या जोरावर वर. घरात कुणी नसताना पडलं तरी हेच कामी येतं. बसताना ढुंगणाखाली चार बोटं जाडीची घडी, पाठ भिंतीला. आरतीपुरतं, पंगतीतल्या जेवणापुरतं. श्रावणी सोमवारी त्यांनी पाटावर बसून पूजा केली. भाकरीला मात्र जमिनीवर पुन्हा बसायचं नाही हे त्यांनीच ठरवलं. टेबल आवडलं होतं.

वर्षानंतर

परवा वर्षाची तपासणी झाली. ओस्वेस्ट्रीचा आकडा पंचविशीच्या आत आला आहे. पाठ पूर्ण दुखायची थांबलेली नाही. थंडीत आणि फार उभं राहिलं की आखडते. उजवा अंगठा अजून जरा कमजोर आहे आणि तो तसाच राहील असं वाटतं. बसने पंढरपूरला गेल्या तेव्हा परतताना हाल झाले. सिद्धेश्वरापर्यंत चालत जातात, मध्ये एकदा टेकून. मिश्री दिवसातून एकदा, सुनेची नजर चुकवून.

गड्ड्याला गेल्या नाहीत. यात्रेतला सिद्धेश्वराच्या अक्षतांचा सोहळा आणि भोगी एकाच दिवशी येतात, आणि भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्यांची मागणी इतकी होती की घरातून कुणालाच हलता आलं नाही.

टेबल आता दोघी वापरतात. सून पाच फूट तीन इंच आहे, तिला ते ठेंगणं होतं, आणि वाकून वाकून गेल्या महिन्यात तिची कंबर भरली. तिलाही मी कोपराखाली वीतभर मोजायला लावलं. मुलाने तीन-तीन इंची चार लाकडी ठोकळे कापून आणले. दुपारी सून उभी राहते तेव्हा ते टेबलाच्या पायांखाली जातात, आणि पहाटे अक्का यायच्या आत काढून ठेवायचे असतात. हे काम मुलाचं आहे. तो बऱ्याचदा विसरतो, आणि मग सकाळी सहाला अक्कांचा आवाज शेजारच्या दोन घरांपर्यंत जातो.